बारा ठिपक्यांचा आलेख: घरी बनवलेल्या एका रॉकेट मोटरच्या जमिनीवरच्या चाचण्या

पार्श्वभूमी

संघ चौघांचा. रॉकेटचं धड, पंख, पॅराशूट, उंची नोंदवणारं सर्किट असं सगळं तयार होतं. परवानगी असलेल्या मैदानावरची उड्डाणाची तारीख पाच आठवड्यांवर आली होती. राहिली होती ती मोटर. आधीची दोन रॉकेटं त्यांनी कारखान्यात बनलेल्या, प्रमाणित मोटरवर उडवली होती. या खेपेला मोटरही स्वतःची हवी होती. मी त्यांचा सल्लागार, म्हणजे वयाने मोठा, काही मोटरी फुटताना पाहिलेला, आणि या प्रकरणात एका ठिकाणी चुकीचा सल्ला दिलेला माणूस. नावं, जागा आणि तारखा गाळल्या आहेत. आकडे नोंदवहीतले, थोडे ढोबळ करून दिले आहेत.

मोटर साखर-वर्गातल्या घन प्रोपेलंटची, म्हणजे जळून रेटा देणाऱ्या मिश्रणाची, होती. कृती आणि प्रमाणं इथे मुद्दाम देत नाही, या प्रकरणाचा तो विषय नाही. रचना एवढी समजली तरी पुरे: अॅल्युमिनियमची नळी, एका टोकाला ग्रॅफाइटचं नोझल, दुसऱ्या टोकाला आडव्या स्क्रूंनी धरलेलं बूच, आणि आत मधोमध भोक असलेले चार ग्रेन, म्हणजे प्रोपेलंटचे ओतीव ठोकळे. ग्रेनची बाहेरची बाजू कागदी वेष्टणाने झाकलेली, म्हणजे जळायला फक्त आतलं भोक आणि दोन्ही सपाट तोंडं उघडी. भोक जळत मोठं होत जातं तशी ग्रेनची लांबी दोन्हीकडून कमी होत जाते. त्यामुळे जळणारं एकूण क्षेत्र फारसं वरखाली होत नाही आणि रेटा बऱ्यापैकी सपाट मिळतो. निदान कागदावर तरी.

प्रोपेलंट २५० ग्रॅम. नोझलच्या गळ्याचा व्यास १० मिलिमीटर. अपेक्षित दाब २५ बारच्या आत (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब), आणि बुचाचे स्क्रू त्याच्या दीडपट दाबाला, म्हणजे सुमारे ३७ बारला टिकतील असे निवडलेले.

पहिली चाचणी

स्टँड उभा होता: मोटर उलटी, नोझल आकाशाकडे, बूच खाली लोड सेलवर, म्हणजे रेटा मोजणाऱ्या सेन्सरवर, टेकलेलं. बनवायला हा सगळ्यात सोपा. रेटा थेट जमिनीत जातो, बांधाबांध कमी लागते. संघ ३५ मीटरवर मातीच्या पोत्यांच्या भिंतीमागे. फायरिंगची किल्ली मोटरजवळ जाणाऱ्याच्याच खिशात, तो परत आल्याशिवाय सर्किट पूर्ण होणार नाही अशी सोय. पेटली नाही तर बॅटरी तोडून दहा मिनिटं थांबायचं. कारखान्यातल्या मॉडेल रॉकेट मोटरसाठी ६० सेकंद थांबण्याचा नियम रूढ आहे. घरच्या मोटरला तो फार सैल वाटला, म्हणून दहा मिनिटं. हे सगळं त्यांनी नीट केलं होतं आणि पुढे ते कामी आलं.

मोटर पेटली, सव्वा सेकंदाच्या आत जळून संपली. लोड सेलच्या नोंदींखालचं क्षेत्रफळ काढलं तर एकूण आवेग, म्हणजे रेटा गुणिले वेळ, आला २९० न्यूटन-सेकंद. मोटरच्या वर्गांना इंग्रजी अक्षरं असतात आणि प्रत्येक अक्षरागणिक कमाल आवेग दुप्पट होतो. १६० ते ३२० हा एच वर्ग. म्हणजे ठरवलं होतं तिथेच मोटर बसली. सरासरी रेटा २४० न्यूटन. विशिष्ट आवेग, म्हणजे प्रोपेलंटच्या वजनामागे मिळालेला आवेग, ११८ सेकंद, या जातीच्या प्रोपेलंटला शोभेल असा. संगणकावर आलेखाची रेघ गोल, गुळगुळीत, पुस्तकात छापावी अशी होती. इलेक्ट्रॉनिक्स पाहणारी मुलगी म्हणाली, "दादा, आता उडवायचंच." मीही मान डोलावली.

अडचण

मोटर गार झाल्यावर उघडली, तेव्हा नोंदवही सांभाळणारी, संघातली सगळ्यात धाकटी मुलगी म्हणाली की बुचाच्या स्क्रूंची भोकं गोल दिसत नाहीत, लांबुळकी दिसतात. लेथवर काम करणाऱ्याने बघितलं आणि म्हणाला, ड्रिल करतानाच जरा सरकली असतील. मी त्याचीच री ओढली. चाचणीआधीचा भोकांचा फोटो कुणाकडेच नव्हता, त्यामुळे वाद तिथेच मिटला. मिटला म्हणजे वयाने मोठे असलेल्यांच्या बाजूने मिटला.

तिने मात्र रात्री व्हिडिओ पुन्हा ऐकला. मोटर पेटताना, फुत्काराच्या आधी, एक कोरडा "टक्" होता. मग तिने आलेखाची गुळगुळीत रेघ काढून टाकली आणि खालचे मूळ ठिपके मोजले. बारा होते.

यात गूढ काही नाही. लोड सेलचा क्षीण सिग्नल वाचायला हौशी लोक सर्रास एचएक्स७११ ही चिप वापरतात. ती सेकंदाला १० किंवा ८० नोंदी देते आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तयार बोर्डांवर ती १० वर बांधलेली असते. वजनकाट्यासाठी बनलेली चिप आहे, तिला घाई नसते. सव्वा सेकंदाच्या ज्वलनात १० च्या वेगाने बारा नोंदी मिळणार. ठिपक्यांच्या मधे काय घडलं ते स्प्रेडशीटने आपल्या मनाने, गोंडस वळणं देऊन भरलं होतं. एकूण आवेगाचा आकडा यात फारसा चुकत नाही. पण मोटर फुटते ती एकूण आवेगामुळे नाही, एखाद्या क्षणाच्या दाबामुळे फुटते.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी बसलो. चार गोष्टी पुढे आल्या.

एक, आहे तशी उडवायची. मोटर टिकली आहे, आवेग बरोबर आहे. या बाजूला सुरुवातीला दोन मतं होती.

दोन, नोझलचा गळा किंचित मोठा करून दाब उतरवायचा आणि थेट उडवायचं. हा सल्ला माझा. आज वाचताना लाज वाटते. दाब नक्की किती आहे हे माहीत नसताना तो "थोडा कमी" करणं म्हणजे ताप न मोजताच औषधाचा डोस बदलणं. शिवाय गळा बदलला की पहिली चाचणी निरुपयोगी होते. ती दुसऱ्याच मोटरची ठरते.

तीन, केसिंग, म्हणजे मोटरची नळी, पाण्याने भरून हातपंपाने दाब चढवायचा आणि बूच किती बारला हलतं ते बघायचं. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. काही सुटलं तरी पाण्याची पिचकारी उडते, तुकडे नाहीत. सगळ्यात शहाणा पर्याय हाच होता. पंप जमवायला आठवडा लागेल म्हणून तो बाजूला पडला.

चार, मोटरमध्ये काहीही न बदलता तीच चाचणी पुन्हा करायची, फक्त चिप ८० वर नेऊन. चिपची एक पिन वीजपुरवठ्याच्या ऋण टोकाऐवजी धन टोकाला जोडायची, बस. धाकटीने हा मांडला आणि तो मान्य झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तेव्हा आम्ही पाळलं.

दुसरी चाचणी

या वेळी शंभराहून थोड्या कमी नोंदी मिळाल्या आणि "टक्" दिसला. पेटताक्षणी रेटा ४३० न्यूटनपर्यंत उसळला, सात-आठ नोंदी तिथे राहिला, मग खाली येऊन २३० च्या आसपास शांतपणे चालला. एकूण आवेग पुन्हा जवळपास तेवढाच.

रेट्यावरून दाबाचा अंदाज काढता येतो: रेटा भागिले गळ्याचं क्षेत्रफळ, भागिले नोझलचा गुणांक. तो या आकाराच्या नोझलला १.३५ च्या आसपास धरला तर २४० न्यूटनला साधारण २३ बार, आणि ४३० ला ४० बार. स्क्रूंची हिशेबातली मर्यादा ३७. भोकं का लांबुळकी झाली होती ते कळलं.

पण लगेच मानायचं नाही, असंही एकाने सुचवलं आणि ते बरोबर होतं. स्प्रिंगवर अचानक वजन ठेवलं तर ती क्षणभर दुपटीपर्यंत दबते. स्टँड आणि लोड सेल मिळून एक ताठ स्प्रिंगच असते. मग ४३० हा मोटरचा रेटा की स्टँडची थरथर? त्यांनी मोटरएवढ्या वजनाचा लोखंडी ठोकळा स्टँडवर बसवला, त्याला दोऱ्याने ओळखीचं वजन टांगलं आणि दोरा कापला. नोंद दोन-तीन ठिपक्यांत स्थिरावली, खऱ्या आकड्यापलीकडची उसळी दहाव्या हिश्शाएवढीच. सात-आठ ठिपके टिकलेली उसळी त्यात बसत नव्हती. उलट ही चिप नोंदी आतल्या आत गुळगुळीत करून देते, त्यामुळे खरा शेंडा ४३० हून उंचच असणार. अख्ख्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेलं काम हे, आणि त्याला खर्च एका दोऱ्याचा.

आता कारण. संशयित दोन: इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारा भाग, फार जोरदार, किंवा ग्रेनचं वेष्टण सुटून बाहेरची बाजूही पेटतेय. फरक आलेखात दिसतो. वेष्टण सुटलं तर वाढलेलं क्षेत्र जळत राहतं, रेटा बराच वेळ चढा राहतो आणि ज्वलन लवकर संपतं. इथे उसळी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात ओसरली होती आणि ज्वलनाचा काळ जसाच्या तसा होता. म्हणजे इग्नायटर. मोटर पेटणारच नाही या धास्तीने त्यांनी तो सढळ हाताने भरला होता. उपाय ठरला: इग्नायटर निम्मा.

तिसरी चाचणी

इथवर सगळं पद्धतशीर चाललं होतं. आता तारीख नऊ दिवसांवर आली होती.

जुने ग्रेन संपले होते, म्हणून प्रोपेलंटचा नवीन घाणा ओतला. केसिंगची भोकं बिघडली होती, म्हणून जुन्यांच्या मधल्या जागेत नवीन भोकं पाडली आणि बूच तिथे बसवलं. इग्नायटर तर निम्मा करायचाच होता. तीन बदल एकदम झाले, आणि ते तीन आहेत हे कुणी मोजलंही नाही, कारण "बदल" म्हणून आमच्या डोक्यात फक्त इग्नायटर होता. बाकीची आम्हाला दुरुस्ती वाटत होती.

सकाळी ग्रेन तोलले. त्याच मापांचे चार ग्रेन २५० ऐवजी २४३ ग्रॅम भरले. नोंदवहीत आकडा लिहिला गेला, त्याच्याखाली रेघही मारली गेली. सात ग्रॅम म्हणजे जवळपास तीन टक्के घनता कमी, म्हणजे आत कुठेतरी हवा अडकलेली. प्रोपेलंट ओतणारा म्हणाला, तीन टक्क्यांनी काय होतंय, रेटा तेवढा कमी येईल. कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

मग निम्म्या इग्नायटरने मोटर पेटलीच नाही. बॅटरी तोडली, दहा मिनिटं थांबलो, नवीन इग्नायटर बसवला. या अर्ध्या तासात वजनाचा विषय पुन्हा निघाला होता. धाकटीच म्हणाली, "दादा, आज नको वाटतं." मी म्हणालो, एवढं मांडलंय तर करून टाकू. या प्रकरणात माझ्या नावावर जमा असलेलं दुसरं वाक्य ते.

दुसऱ्या खेपेला पेटली. सुरुवातीची उसळी नव्हती, इग्नायटरचं निदान बरोबर निघालं. पण रेटा २४० ला थांबला नाही. चढत गेला, ४०० च्या पुढे पोचला आणि पाव सेकंद उलटून गेल्यावर नोंद तुटली.

बूच सुटलं होतं. लोड सेल चेपली, स्टँडची खालची पट्टी वाकली. यातलं काहीच अनपेक्षित नव्हतं. बूच आधी सुटावं आणि नळीचे तुकडे होऊ नयेत, म्हणूनच केसिंग लवचीक अॅल्युमिनियमचं घेतलं होतं आणि बुचाचे स्क्रू नळीपेक्षा कमजोर ठेवले होते. अनपेक्षित होतं ते पुढचं. बूच गेलं की आतला दाब फक्त नोझलच्या आतल्या उतारावर ढकलतो, म्हणजे केसिंग नोझलच्या दिशेने निघतं. आमचं नोझल आकाशाकडे होतं. ते भिंतीच्या उंचीच्या कितीतरी वर गेलं, दिसेनासं झालं, आणि आमच्या भिंतीपुढे सहा पावलांवर मातीत रुतलं. समोरून आणि बाजूंनी येणाऱ्या तुकड्यांसाठी आम्ही भिंत बांधली होती. डोक्यावर काही नव्हतं.

३१ ऑक्टोबर १९३६ ला फ्रँक मलिना, जॅक पार्सन्स आणि त्यांच्या साथीदारांनी कॅलिफोर्नियात अरोयो सेको इथे आपलं पहिलं रॉकेट इंजिन जमिनीवर चालवून पाहिलं, तेव्हा शेवटच्या प्रयत्नात ऑक्सिजनची नळी पेटून जमिनीवर वळवळू लागली आणि सगळे पळत सुटले. त्या गटातून पुढे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी ही नासाची प्रयोगशाळा उभी राहिली. हा किस्सा मी मुलांना पूर्वी हसत सांगायचो.

वेगळं काय करता आलं असतं

संघाने नंतर तास-दीड तास याच प्रश्नावर काढला. काही मतं माझी आहेत, काही त्यांची.

वजनाचा आकडा आधी घेऊ. "तीन टक्के कमी प्रोपेलंट, तीन टक्के कमी रेटा" हा हिशेब चुकीच्या गोष्टीचा आहे. हवेच्या पोकळ्या आणि तडे प्रोपेलंट कमी करतात, पण जळणारं क्षेत्र वाढवतात. दाब क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. त्याहून वेगाने वाढतो. जळण्याचा वेग दाबाच्या n या घातांकाने बदलतो असं धरलं, तर समतोल दाब क्षेत्राच्या १/(१−n) या घाताने चढतो. n जर ०.३ असेल तर क्षेत्र २० टक्के वाढल्यावर दाब ३० टक्के वाढतो, n ०.५ असेल तर ४४ टक्के. आमच्या तिसऱ्या चाचणीत दाब २३ वरून ३८ बारवर गेला होता. ०.३ धरून उलटा हिशेब केला तर जळणारं क्षेत्र जवळजवळ दीडपट झालं असावं. नुसत्या बुडबुड्यांनी एवढी वाढ पटत नाही. चारपैकी एका ग्रेनचं वेष्टण पूर्ण सुटलं तर त्या वाढीच्या जवळ पोचता येतं. मग कमी वजन हे कारण की फक्त घाणा बिघडल्याची खूण? पुरावा जळून गेला.

आणि बूच ३८ बारला सुटलं, जिथे ते आधी दोनदा ४० बारला टिकलं होतं. म्हणजे नवीन भोकांनी कड कमजोर झाली होती हेही खरं. दाबाने बूच उडवलं की बुचाने दाबापुढे हार मानली, हे वेगळं करता येत नाही. तीन बदल एकदम केल्याची किंमत ही. लोड सेल आणि स्टँड पुन्हा होतात, ही चाचणी पुन्हा होत नाही.

पाण्याच्या दाबाची चाचणी पहिल्या दिवशी केली असती तर बुचाबद्दलचे सगळे वाद एका दुपारी संपले असते. आठवडा लागतो म्हणून टाळलेली ही गोष्ट शेवटी तीन महिन्यांना पडली.

चाचणीआधीचे फोटो हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण धाकटीची शंका आम्ही तिच्या वयामुळे नाही तर फोटोअभावी फेटाळली, अशी मी माझी समजूत घालत होतो. फोटो असता तर ती समजूतही उरली नसती.

तारखेबद्दल संघात एकमत झालं नाही. दोघांचं म्हणणं, तारीख होती म्हणून काम पुढे सरकलं. दोघांचं म्हणणं, तारीख होती म्हणून २४३ या आकड्याखाली रेघ मारून आम्ही पुढे गेलो. दोन्ही खरं असू शकतं.

पुढे काय झालं

मैदानाची तारीख सोडून दिली. केसिंग नवीन केलं, बुचाला स्क्रू वाढवले, आणि पाणी भरून ६० बारला दहा मिनिटं धरलं; थेंब गळला नाही. स्टँड आडवा केला: नोझल मोकळ्या मातीच्या उताराकडे, बुचाची बाजू जाड तक्त्याला, आणि केसिंगला साखळी. आडव्या स्टँडची वेगळी कटकट असते. रुळांवर घर्षण होतं आणि रेटा थोडा कमी दिसतो. म्हणून मोटर बसवलेल्या अवस्थेतच ओळखीच्या वजनाने ओढून लोड सेलचं माप लावायचं ठरलं. संघाच्या भिंतीवर छप्पर आलं.

ग्रेनसाठी नियम एका ओळीचा झाला: वजन अपेक्षेच्या एक टक्क्याबाहेर गेलं तर ग्रेन वापरायचा नाही, आणि हा निर्णय ओतणाऱ्याने घ्यायचा नाही. इग्नायटर निम्मा आणि पूर्ण यांच्या मधे, पाऊण भागावर स्थिरावला. बदल करण्याआधी नोंदवहीत "या वेळी काय काय वेगळं आहे" असा रकाना भरायचा, दुरुस्त्यांसकट. तो रकाना एकाहून लांब झाला की चाचणी पुढे ढकलायची.

चौथ्या चाचणीचा आवेग २८३, पाचव्याचा २८८. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर सुरुवातीचा छोटा उंचवटा सोडून फरक ओळखू येत नव्हता. दोन सलग, काहीही न बदललेल्या चाचण्या जुळल्याशिवाय उडवायचं नाही असं ठरलं होतं, ते पूर्ण झालं.

उड्डाण पुढच्या खेपेच्या तारखेला झालं. मोटरने काम चोख केलं, रॉकेट सरळ गेलं. पॅराशूट मात्र उशिरा उघडलं, आणि ते जमिनीवर तपासून पाहायची आठवण आम्हा पाचांपैकी एकालाही झाली नव्हती.